मॅव्हन आणि जावाहोमचा घोळ

विंडोजवर मॅव्हन (जावा प्रोजेक्ट बिल्ड करायचं, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करायचं टूल) अनझिप केलं, पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी) पण दिला, तरी 'कमांड ओळखता येत नाही' असंच येतंय म्हणताय ना, तर आधी सगळ्या जुन्या कमांड प्रॉम्प्टच्या खिडक्या बंद करून नवीन उघडा, कारण उघड्या खिडकीला बदललेला पाथ कळतच नाही. दुसरं म्हणजे पाथमध्ये मॅव्हनचं बिन फोल्डर हवं, पण जावाहोममध्ये (JAVA_HOME, म्हणजे जावा कुठे आहे ते सांगणारी सेटिंग) बिन अजिबात नको, तिथे जेडीकेचं (कंपायलरसकटचा जावा संच) मुख्य फोल्डरच द्यायचं. नेमकं उलटं करून ठेवतात लोक! आणि जेडीकेच हवं बरं का, नुसत्या जेआरईवर (फक्त जावा प्रोग्राम चालवणारा संच) मॅव्हनची कमांड चालते पण कंपाइल करताना कंपायलर नाही म्हणून बोंब मारते.

मॅकवर होमब्रूने (कमांडने सॉफ्टवेअर टाकायचं टूल) मॅव्हन टाका असं कुणी सुचवलं तर ते सोपंच आहे, फक्त ब्रू स्वतःचं ओपनजेडीके (मुक्त जेडीके) सोबत आणतं आणि जावाहोम सेट नसेल तर मॅव्हन गुपचूप तेच वापरतं, मग प्रोजेक्ट जावा ८ चा आणि बिल्ड भलत्याच व्हर्जनवर. म्हणून मॅव्हनचं व्हर्जन विचारायची कमांड मारली की पहिली ओळ बघून खूश होऊ नका, खाली जावा व्हर्जन आणि रनटाइम लिहिलेलं असतं ते वाचा.

उबंटूवर ॲप्टने (तिथलं सॉफ्टवेअर टाकायचं टूल) टाकलं तर बऱ्याचदा जुनं व्हर्जन मिळतं, शिकायला चालतंय की. टीममध्ये तिन्ही ओएस असतील तर मी म्हणेन सरळ मॅव्हन रॅपर (मॅव्हन उतरवून चालवणारी छोटी स्क्रिप्ट) प्रोजेक्टमध्ये कमिट करा, ज्याच्या त्याच्या मशीनवर ठरलेलं व्हर्जन आपोआप उतरतं, जेडीके मात्र ज्याचं त्यानेच टाकायचं.