मस्कतहून येणारा 249 ग्रॅमचा ड्रोन आचऱ्यात उडवायचा तर नेमका कुठला नियम लागतो?

आचऱ्याचो_मी

नमस्कार मंडळी. माझा चुलतभाऊ मस्कतला असतो. गणपतीला येताना डीजेआय मिनी घेऊन येतो म्हणतोय. 249 ग्रॅमचा आहे, त्यामुळे "लायसन-बियसन काही लागत नाही" असं त्याचं म्हणणं. मालवणात विचारलं तर एक जण म्हणतो नोंदणी लागते, दुसरा म्हणतो पोलिसांना नुसतं पत्र दे, तिसरा म्हणतो नवीन कायदा आलाय, आता थेट आत टाकतात. मला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचं शूटिंग करायचंय, खाडीवरचं विसर्जन घ्यायचंय आणि जमलं तर सिंधुदुर्ग किल्ला. पैसे कमवायचे नाहीत, घरच्यांसाठीच आहे. 2021 चे नियम वाचायला घेतले, पण त्यानंतर काय काय बदललं ते कळेना. कुणी नीट सांगेल का?

सड्यावरचा (देवगड)

भावाला आजच फोन कर आणि ड्रोन आणू नको म्हणून सांग. बाकीचं नंतर. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशात तयार झालेला ड्रोन भारतात आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. सुटे भाग आणता येतात, पण तयार किंवा जोडायचा बाकी असलेला अख्खा ड्रोन नाही. बॅगेत कपड्यांखाली घालून आणला तरी ती आयातच. वजन 249 असो नाहीतर 900, इथे फरक पडत नाही. सणाला घरी येणाऱ्या माणसाने विमानतळावर कस्टमसमोर तासन् तास उभं राहावं, हे नको.

आता वजनाचं. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंत नॅनो आणि तिथून 2 किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, आणि हौसेसाठी उडवत असशील तर मायक्रोलाही नाही. नॅनोला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळणारी सरकारी मान्यता) नको, थर्ड पार्टी विमाही सक्तीचा नाही. तुझ्या भावाने ऐकलंय ते एवढंच, आणि तेवढं खरं आहे. पण नोंदणी करून यूआयएन (ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घ्यायचं जे कलम आहे, त्यात नॅनोला सूट लिहिलेली नाही. नोंदणीची फी 100 रुपये आहे. शंभर रुपयांसाठी वाद कशाला घालायचा? आणि 250 धरायचे ते उडताना जे काही हवेत जातं त्या सगळ्याचे. पात्यांना प्लास्टिकचं कडं लावलं, मोठी बॅटरी घातली की 249 चे 250 च्या वर जातात. माझ्याकडे पोरं नवीन ड्रोन घेऊन येतात तेव्हा मी आधी त्यांना बाजारात सोनाराच्या काट्यावर वजन करून यायला सांगतो.

तू अडकलायस ते बदलांमध्ये. मार्च 2021 मध्ये एक नियमावली आली होती, ती ऑगस्टमध्ये रद्द झाली आणि 25 फॉर्मचे 5 झाले. फेब्रुवारी 2022 मध्ये पायलटचं "लायसन" जाऊन "सर्टिफिकेट" आलं. 2023 मध्ये सर्टिफिकेटसाठी पासपोर्टची सक्ती गेली. नोंदणी आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर व्हायची, आता ती ईजीसीए या विमान वाहतूक खात्याच्या पोर्टलवर करायची. म्हणून जुने व्हिडिओ बघून फॉर्म शोधत बसू नकोस. 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. आणि सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने स्वतंत्र ड्रोन कायद्याचा मसुदा सूचनांसाठी ठेवला, त्यात कैदेची तरतूद आहे. तुझ्या तिसऱ्या माणसाने बहुतेक तेच ऐकलंय. संसदेत मंजूर होऊन राजपत्रात येत नाही तोवर मसुदा हा मसुदाच, तोवर 2021 चेच नियम.

मला जास्त काळजी जागेची आहे. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा आपल्या किनाऱ्याचा सरकारी नकाशा 9 ऑक्टोबर 2021 ला चिपी विमानतळ सुरू झाल्यापासून बदलला. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक, त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. भोगवे, देवबाग, तारकर्ली ही सगळी चिपीच्या जवळची गावं. तिथे सुट्टीला आलेला पाहुणा बिनधास्त ड्रोन सोडतो आणि वर विमान उतरत असतं, हे बघून माझा जीव खालीवर होतो. आचरा लांब आहे, तिथे हिरव्या क्षेत्रात (जिथे वेगळी परवानगी लागत नाही) 400 फूट मिळतात. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, नकाशा उडवायच्या दिवशी सकाळी बघ, तो बदलतो.

कुडाळ_शूटिंगवाला

वरच्या काकांचं बरोबर आहे, फक्त एक भर घालतो. रापणीचा व्हिडिओ एखाद्या रिसॉर्टला विकलास किंवा लग्नाचं काम घेतलंस की ते व्यावसायिक झालं. मग मायक्रोलाही पायलट सर्टिफिकेट हवं. वय 18 ते 65, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत ट्रेनिंग. मी घेतलंय, 10 वर्षं चालतं. इथलाच घेणार असशील तर 22 सप्टेंबर 2025 पासून ड्रोनवर जीएसटी 5 टक्के झालाय.

आचऱ्याचो_मी

खूप उपकार, काका. भावाला कळवलं, तो नाराज आहे पण ऐकला. आता इथला नॅनो घेऊन नोंदणी करतो. पण विसर्जन आणि किल्ल्याचं काय?

सड्यावरचा (देवगड)

किल्ला सोड. सिंधुदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, त्यांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. किनाऱ्यावर उभं राहून ड्रोन किल्ल्यावर पाठवणं म्हणजे तेच.

विसर्जनाला गर्दी असते. पोलीस अधीक्षक एका वेळी 96 तासांपर्यंत एखादा भाग तात्पुरता लाल, म्हणजे ड्रोनला बंद, जाहीर करू शकतात. त्याशिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 (आधीचं 144) खाली जिल्ह्याचा आदेश निघतो तो वेगळाच, आणि तो नकाशावर दिसेलच असं नाही. म्हणून आचरा पोलीस ठाण्यात आदल्या आठवड्यात स्वतः जा, नोंदणीची प्रत दे, कुठून उडवणार ते दाखव. आणि माणसांच्या डोक्यावरून नेऊच नकोस. खाडीच्या पलीकडच्या काठावर उभा राहा, पाण्यावरूनच घे.

रापणीचं मात्र जरूर कर. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा) वारा पडलेला असतो तेव्हा. दुपारी समुद्रावरचा खारा वारा सुटला की नॅनोला परतताना बॅटरी पुरत नाही. संध्याकाळी पाणी चकाकतं, त्यावर राखाडी ड्रोन डोळ्यांना दिसत नाही, आणि नियमाने तो कायम नजरेत हवा. सुरूच्या झाडांवर समुद्रगरुडाचं घरटं असेल तर ती बाजू सोड. रापण ओढणाऱ्यांना आधी विचार. त्यांनी हो म्हटलं की मला कळव, पहिल्या उड्डाणाला मी येतो.