फ्रॅजाइल एक्सची तपासणी करायची आहे. बहिणीला कधी सांगू?

नमस्कार. आम्ही डिचोलीचे. मुलगा सहा वर्षांचा. तो दोन वर्षांचा असताना 'मुलगे उशिराच बोलतात' असं एका डॉक्टरांनी सांगितलं नि आम्ही थांबलो. ती वर्षं आता मनातून जात नाहीत. गेल्या महिन्यात बांबोळीच्या इस्पितळात चाचण्या झाल्या. बुद्ध्यांक ५६. शर्टाची बटणं लावणं, दुकानातून एक वस्तू आणणं, हेही वयाच्या मानाने मागे. कागदावर आलं, सौम्य बौद्धिक अक्षमता.

घरात मात्र कारण ठरून गेलंय. सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळीवर बसलीस. त्या वाईट नाहीत, चतुर्थीला माटोळीखाली नातवाला मांडीवर घेऊन बसतात. पण ऐकून ऐकून मीही रात्री ते नऊ महिने आठवत पडते.

डॉक्टरांनी विचारलं ते वेगळंच. गरोदरपणी ताप-पुरळ, दारू, नात्यातलं लग्न, जन्मल्यावर लगेच रडला का, पुढे झटके किंवा मेंदूज्वर. यातलं काहीच नाही. ३५ व्या आठवड्यात झाला, कावीळ झाली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली होता. पण मेंदूला धक्का पोचेल एवढी ती वाढली नव्हती. थायरॉईडही ठीक. मग विचारलं, "माहेरी कोणी असं?"

माझा मामा. साखळीला सगळे त्याला भोळा म्हणत. चाळिशीपर्यंत आजीच त्याला न्हाऊ घालायची. त्याचा नि माझ्या मुलाचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

म्हणून फ्रॅजाइल एक्सची, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या एका आनुवंशिक बदलाची तपासणी सुचवलीय. निघालं तर ते माझ्याकडून आलेलं असणार. दुसरं मूल हवंय, तेव्हा तपासणी करणारच. पण ते धाकट्या बहिणीकडेही असू शकतं, नि तिचं लग्न ठरलंय. आई म्हणते, लग्न होईपर्यंत तोंड उघडू नकोस. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, आम्ही फोंड्याचे, याच वाटेने गेलोय. चिठ्ठीवर 'फ्रॅजाइल एक्स' वेगळं लिहून घ्या. आमची आधी नुसती मायक्रोॲरे (गुणसूत्रांची एक चाचणी) झाली, त्यात हे दिसतच नाही. पहिलं मुलाचं रक्त, त्यात निघालं तर तुमचं. आईच्या एका एक्सवर तो बदल असेल तर प्रत्येक बाळाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. मुलींकडे दुसरा एक्स असतो, त्यामुळे त्यांना त्रास बहुधा कमी. पुढच्या खेपेला ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना तपासता येतो. कितीतरी मुलांत कारण सापडतच नाही, तीही तयारी ठेवा. स्पीच थेरपी मात्र रिपोर्टसाठी थांबवू नका.
बहिणीबद्दल: मी गप्प राहिले. माझ्या बहिणीला कळलं तेव्हा तिला पाचवा महिना होता.

धागाकर्ती:
सोमवारी रक्त देतोय. तुमची शेवटची ओळ वाचून बहिणीला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मामाचा एखादा फोटो आहे का तुझ्याकडे? आईला अजून सांगितलेलं नाही.