पेन सिगरेटच्या बॅटरीवर ३.३ ते ४.८ लिहिलंय, सेल तर ३.७ चा, मग हे कसं?

उद्यमबागचा_फिटर
मंडळी एक शंका हाय, सर्किटवाल्यांनी जरा सांगा की. माझा मावसभाऊ लंडनला असतो, सुट्टीला अनगोळला आलाय, त्याच्याकडं ती पेनसारखी इलेक्ट्रॉनिक सिगरेट आहे. मी ओढत नाही, पण कारखान्यात मेंटेनन्सला असतो म्हणून घरातलं काय बी बिघडलं की माझ्याच पुढ्यात येतंय. त्याचं म्हणणं, चार दम मारले की जळका वास येतोय आणि घसा धरतोय. बॅटरीच्या बुडाला एक चकती आहे, फिरवली की ३.३ पासून ४.८ पर्यंत आकडे, आणि हा बाबा ती कायम ४.८ वर ठेवतोय, म्हणतोय मोठा आकडा म्हणजे जास्त धूर. आता मला कळंना झालंय ते हे की आत लिथियमचा एकच सेल, अंगावर ३.७ व्होल्ट छापलंय, मग ४.८ येतंय कुठनं? मल्टीमीटर लावला तर रीडिंग थरथरायलंय, चकतीवर एक आणि मीटरवर भलतंच. चकती खराब म्हणायची, मीटर खराब म्हणायचा, का भाऊ?

खानापूर_सर्किट
सध्या भाऊ खराब धर 😄

३.७ हा नुसता मधला आकडा आहे रे. सेल फुल चार्ज असला की ४.२, वापरून वापरून ३.३ च्या आसपास उतरला की आतलं सर्किट बंद करतंय. ४.८ साठी आत बूस्ट सर्किट असतंय, पॉवर बँकमध्ये ३.७ च्या सेलमधनं मोबाईलला ५ कसं मिळतं, तेच. पण फुकट काय मिळत नाही, बाहेर व्होल्ट वाढवले की सेलमधनं करंट तेवढा जास्त ओढला जातोय.

मीटरचं म्हणशील तर तो बिचारा खरंच बोलतोय. असल्या बऱ्याच बॅटऱ्या सरळ डीसी देतच नाहीत, ठोके देतात, चालू-बंद-चालू-बंद. समज ६ व्होल्टचे ठोके आहेत आणि निम्मा वेळच चालू आहे, तर साधा मीटर डीसीवर सरासरी काढून ३ दाखवणार, पण आतली द्रव तापवणारी तार, म्हणजे कॉइल, तापते आरएमएसवर (तेवढीच उष्णता देणाऱ्या सरळ डीसीचा आकडा) आणि तो येतो ४.२४. म्हणजे मीटर बघून तू म्हणणार कमी आहे आणि तिकडं तारेजवळचा द्रव शोषणारा कापूस जळायलाय. शिवाय काही मॉडेलला कॉइल जोडल्याशिवाय नीट आउटपुट येतच नाही, मोकळ्या टोकांवर मोजून काय उपयोग नाही.

आणि खरी गोष्ट, चकतीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कॉइल किती ओहमची ते सांग आधी. मोजताना पहिल्यांदा मीटरच्या दोन्ही पिना एकमेकाला टेकवून किती दाखवतंय बघ, तेवढं वजा कर, नाहीतर दीड-दोन ओहमात ती चूक लई मोठी होते.

निपाणीकर
आमचं अख्खं गाव तंबाखूवर जगलं आणि आता धुराला पण चार्जर लागायलाय, बघा काय दिवस आलेत.

भावाला एक सांगून ठेवा, लंडनला चालतं म्हणून इथं चालत नाही. आपल्या कर्नाटकानं २०१६ लाच विक्री बंद केलेली, २०१९ ला केंद्राचा कायदा आला, त्यात बनवणं, विकणं, आयात, नेणं-आणणं, साठा, जाहिरात सगळंच बंद. साठा सोडून बाकीच्यात पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही. चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला गेलं की चालतंय असं कोण म्हणत असेल तर तिथं पण हाच कायदा आहे. तुम्ही दुरुस्त करा काय करायचं ते, पण ह्या ग्रुपवर कॉइल कुठं मिळेल असलं विचारू नका.

उद्यमबागचा_फिटर
नाही हो मामा, विकत कोण घेतंय, मला फक्त गणित कळायला पाहिजे.

मोजलं. पिना टेकवून ०.३ आणि कॉइलवर २.१, म्हणजे १.८ ओहम. कॉइल नवीनच घातलीय म्हणतोय.

खानापूर_सर्किट
हां, आता बोलता येतंय. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. ३.३ ला १०.८९ भागिले १.८, साधारण ६ वॅट. ३.७ ला साडेसात. ४.८ ला २३.०४ भागिले १.८ म्हणजे पावणेतेरा. बघ, चकती दीडपटसुद्धा फिरली नाही आणि उष्णता दुपटीच्या वर गेली. हेच ह्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही, त्यांना वाटतं रेडिओचा आवाज वाढवायलोय.

आणि सेलच्या बाजूनं बघ. पावणेतेरा वॅट ३.७ च्या सेलमधनं काढायचे म्हणजे साडेतीन अँपियर, बूस्टचा लॉस धरला तर चारच्या घरात. एवढ्याशा पेनमधल्या सेलला ते जड जातंय, म्हणून अंग गरम लागतंय आणि चार्ज पण लवकर संपतोय. लागत असेल तर सांग.

३.३ वर आण, तिथनं थोडं थोडं वर चढव, जळकं लागायच्या आधी थांब. १.८ ला ३.७-३.८ च्या पुढं जायचं कारण दिसत नाही मला. उद्या त्यानं १.२ ओहमची घातली तर तेच ३.७ साडेअकरा वॅट होणार, म्हणजे आकडा तोच ठेवून पण जळणार.

कॅम्पातली_केमिस्ट्री
वास का येतो ते मी सांगते. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, कापसातनं ते तारेपर्यंत चढत राहतं. तार जास्त तापली की द्रव यायच्या आधीच उडून जातो आणि कोरडा कापूस भाजतो, फोडणीत तेल कमी आणि गॅस मोठा असला की मोहरी जळते तसं. आणि नुसता वासाचा प्रश्न नाही, हे द्रव फार तापले की त्यातनं फॉर्मल्डिहाइड तयार होतं. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हेच छापलं होतं, ३.३ व्होल्टला त्यांना काही सापडलं नाही आणि ५ ला सापडलं. त्यावर भांडण पण झालं, की ५ ला एवढं जळकं लागतं की माणूस ओढणारच नाही. तुमचा भाऊ ओढतोय की हो पण! निकोटिनचं तर वेगळंच, द्रवात असलं तर ते कुठल्याही आकड्याला असतंच.

उद्यमबागचा_फिटर
मॅडम, तो घसा खाकरत पण ओढतोय 😄

अंग गरम लागतंय, बरोबर आहे. ३.६ ला ठेवून दिलो, वास गेला म्हणतोय, धूर कमी म्हणून तोंड पाडून बसलाय. एक शेवटचं, त्याचा चार्जर तिकडंच राहिलाय, माझ्याकडं एकाचा जुना स्क्रूवाला यूएसबी चार्जर आहे, आटे तंतोतंत बसतात. लावू का?

खानापूर_सर्किट
नको. आटे बसले म्हणून चार्जर जुळला असं नाही. काही चार्जर स्वतःच ४.२ ला थांबतात आणि काही सरळ ५ सोडतात, ते थांबवायचं काम पेनच्या सर्किटवर. ५ वाला चार्जर आणि आत थांबवणारं सर्किटच नाही असली जोडी जमली तर सेल फुगतोय, कधी पेट पण घेतोय. चार्जरवर आउटपुट काय छापलंय वाच आणि फोटो टाक, पेनच्या खोक्यावरचा पण.