मदत हवी आहे: दुपारनंतर क्लाउडवरचं अ‍ॅप मंदावतं
आमचे दोन सर्व्हर आणि पोस्टग्रेस डेटाबेस एकाच रीजनमध्ये आहेत. सकाळी पानं झटकन उघडतात, दुपारनंतर तीच पाच-सहा सेकंद घेतात. सीपीयू, मेमरी तेव्हाही निवांत. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये जवळजवळ सगळा वेळ पहिल्या बाइटची वाट पाहण्यातच जातो. वेगळ्या इंटरनेटवरूनही तेच. संथ क्वेरींना एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ (क्वेरी प्रत्यक्षात कशी चालते ते दाखवणारी कमांड) लावून पाहिलं, इंडेक्स वापरला जातोय. आणखी एक सर्व्हर जोडला, काडीचाही फरक नाही.

डेटाबेस मोठा करायची सध्या परवानगी नाही. कोड आणि सेटिंग बदलता येतील.

माझा जास्त संशय डिस्कचे बर्स्ट क्रेडिट (थोडा वेळ जादा वेगाने चालण्यासाठी साठलेली मुभा) संपण्यावर आहे. पण कनेक्शन पूल (अ‍ॅपने डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या मोजक्या जोडण्या) भरून रिक्वेस्ट रांगेत अडकल्या तरी लक्षणं अशीच दिसतील ना? या दोन्हींतलं खरं कारण ओळखायला मंदावलेल्या वेळेत नेमके कोणते मेट्रिक्स पाहू?