मदत हवी आहे: जुने अमेरिकन घडीचे चाकू कोणत्या साली बनले कसं ओळखायचं? (आणि कोरड्या डब्यात गंज का धरतोय?)

नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र आहे पण इथे कुणी ना कुणी जाणकार असेलच म्हणून विचारतोय. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, गेल्या महिन्यात शेजारच्या गावात एका आजोबांच्या घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं, तिथे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तीन जुने खिशातले चाकू मिळाले. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले तर म्हणे रामपुरी कशाला जमवतोयस. असो.

पहिल्याचं कोडं सुटलं. केस कंपनीचा आहे, ब्रॅडफर्डचा. पातं मुठीत शिरतं तिथे शिक्का आणि खाली आठ ठिपके. १९७० ला त्यांनी दहा ठिपके टाकले आणि दर वर्षी एकेक कमी करत गेले, म्हणजे हा १९७२ चा. नंबर ६२५४, त्यात ६ म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे ट्रॅपर, हे चाकूच्या नमुन्याचं नाव. सगळ्यांनी असंच केलं असतं तर किती बरं झालं असतं!

दुसरा स्टॉकमन नावाच्या नमुन्याचा, तीन पात्यांचा, शिक्का 'श्रेड-वॉल्डन'. हे नाव १९४६ पासून १९७३ पर्यंत चाललं आणि गंमत म्हणजे मधेच कारखाना वॉल्डनहून एलनव्हिलला हलला तरी चाकूवर गाव जुनंच. सत्तावीस वर्षांतलं नेमकं कोणतं, कसं ठरवू?

तिसरा रेमिंग्टनचा, हो तीच बंदूकवाली, गोल शिक्का आहे. मूठ मोत्यासारखी चमकते. पण डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकूनही याची पाती गंजतायत आणि शेजारी ठेवलेल्या ट्रॅपरलाही गंज लागलाय, तोही फक्त याच्या बाजूने!! हे काय आहे?

प्रतिसाद १:
श्रेडच्या मुठीवर दहापट मोठं दाखवणारं भिंग धर. हाड असेल तर बारीक छिद्रं, रेघा दिसतील आणि खाचा हाताने पाडल्यासारख्या कमीजास्त असतील. सगळं गुळगुळीत, दोन्ही बाजू साच्यातून काढल्यासारख्या असतील तर डेलरिन. ते प्लॅस्टिक ड्युपाँने १९६० ला बाजारात आणलं, म्हणजे त्याआधीचा तो असूच शकत नाही. सुई तापवून टोचून बघा असं काही लोक सांगतात, कृपया तसलं काही करू नकोस, आणि चकाचक करायला बफिंगही मारू नकोस, शिक्का पुसट झाला की वय ओळखायचा पुरावाच गेला.

प्रतिसाद २:
रेमिंग्टनचे जुने चाकू १९२० ते १९४० मधलेच. पहिलं महायुद्ध संपलं, संगिनींची ऑर्डर बंद झाली, मग ब्रिजपोर्टच्या कारखान्यात चाकू बनवायला लागले. नंबरातला शेवटचा आकडा बघ बरं. ३ असेल तर हाड, ५ असेल तर पायरेमाइट, म्हणजे सेल्युलॉइड, जुन्या काळचं प्लॅस्टिक. आणि ५ असेल तर आत्ताच्या आत्ता डब्यातून बाहेर काढ. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते, ती बंद डब्यात कोंडते आणि आसपासचं पोलाद खाते. सिलिका जेलने पाणी शोषलं जाईल, ही वाफ नाही. आणि हो, सेल्युलॉइड भसकन पेट घेतं, हीटरजवळ नको.

धागाकर्ता:
५ च आहे हो!! भिंगाने बघितलं तर मुठीला बारीक तडेही गेलेत. तो आता वेगळा, उघड्या फडताळात, बाकीच्या दोघांना मिनरल ऑइल लावून ठेवलंय. श्रेडची मूठ डेलरिन निघाली, म्हणजे १९६० ते ७३, निम्म्यावर तरी आलो. ट्रॅपरवरचा गंज घासायला बारीक स्टील वूल चालेल का, की तसंच ठेवू?