पुण्यात ॲग्री केलेल्यांनो, या धाग्यावर या

मुठेकाठ
काल भाच्याचा फोन. यंदा ॲग्रीला, म्हणजे कृषी महाविद्यालयात लागलाय. "मामा, किड्यांची पेटी करायचीये, तुझी जुनी आहे का रे?" कसली असणार! लग्न झाल्यावर माळ्यावरून सगळ्यात आधी तीच गेली, डांबरगोळ्यांचा वास घरभर म्हणून. पण फोन ठेवल्यावर शिवाजीनगरच्या आमच्या कॉलेजचं सगळं डोळ्यासमोर यायला लागलं. ती घुमटवाली इमारत, मागचे प्लॉट, आणि भर शहरात बाजरी राखत बसलेले आम्ही.

वळवाचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर जमायचे. फांद्या हलवायच्या, पडलेले गोळा करायचे. पतंगांसाठी रात्री वाकडेवाडीच्या बाजूला पेट्रोलपंपाचे दिवे. पंपावरचा माणूस म्हणायचा, "एवढी शेतं सोडून माझ्या पंपावर काय रे?" मग टाचणी. भुंगेऱ्याला उजव्या पाठपंखातून (वरच्या टणक पंखातून), मधोमध नाही. मधोमध टोचली की सर पेटी न बघताच परत द्यायचे.

शिकलेले, शिकवलेले, नुसते कॅम्पसवर सकाळी फिरायला येणारे, सगळ्यांनी लिहा.

भुईरिंगणी
पेटी!!! आमच्यात एकाच पेटीवर तीन बॅचा पास झाल्यात. फक्त लेबलं बदलायची. शेवटी शेवटी चतुराला पंख दोनच उरले होते, तोंडी परीक्षेत सर म्हणाले, ही कुठली नवीन जात?

मुठेकाठ
@भुईरिंगणी हाहा, आता कळलं माझा चतुर कुठे गेला

सासवडची_संध्या
किडे आम्ही मुलींनी जास्त पकडले, हे आधी नोंदवून ठेवते.

मला आठवतं ते रावे, म्हणजे शेवटी गावात राहून करायचं काम. आम्ही कृषिकन्या, पुरंदर तालुक्यातलं एक गाव, अंजीर आणि सीताफळ. खट्टा (पावसाळी) बहाराची पानं लागलेली, पावसाळी हवा, तांबेरा हा बुरशीचा रोग येणारच. आम्हाला एक टक्का बोर्डोचं, म्हणजे बुरशीवरच्या फवाऱ्याचं, प्रात्यक्षिक द्यायचं होतं. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. वेगवेगळ्या प्लास्टिकच्या टिपात भिजवायचं आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या टिपात ओतायचं. वहीत छान लिहिलं होतं सगळं. तिथे आजूबाजूला तीसेक माणसं, त्यातली निम्मी आमचे ॲप्रन बघायला आलेली. एक आजी पुढे आल्या. काही न बोलता कमरेचा विळा काढला, पातं मिश्रणात बुडवलं, जरा वेळ धरलं आणि वर काढून मला दाखवलं. पात्यावर तांबूस थर. म्हणजे आम्ल राहिलंय, चुना कमी पडलाय, असंच फवारलं तर पानं जळणार. वहीत "लोखंडी खिळ्याने चाचणी करावी" असं होतंच की! आजींकडे विळा होता. अजून चुन्याची निवळी घातली, परत विळा, मग पातं स्वच्छ आलं.

जाताना आजींनी विचारलं, "पोरी, तुझ्या बापाला जमीन किती?" म्हटलं, नाहीच. "मग हे कशाला शिकतीस?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता बियाणं कंपनीत आहे, तरी नीटसं सुचत नाही.

मालदांडी
आज्जीला दंडवत 🙏 आमच्या रावेच्या गावात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. अनुदान कधी येणार. तुम्ही कृषी खात्याचे नाही हे चार महिने सांगत होतो.

पेठेतला_शेतकरी
मी सदाशिव पेठेतला. सात पिढ्यांत कुणी कुंडीसुद्धा लावली नव्हती. सातबाऱ्याचे वाढीव गुण नाहीत, तरी कसाबसा नंबर लागला. मावशी म्हणाली, "शेती शिकायला चार वर्षं?" दुपारी एक ते चार झोपणाऱ्या घरातला मी, आणि प्लॉटवर प्रॅक्टिकल नेमकं दुपारी.

पहिल्या महिन्यात ज्वारी आणि मका लहान असताना ओळखता यायची नाही. पार्टनर सांगोल्याचा, तो लांबून सांगायचा. संख्याशास्त्राच्या पेपरला मात्र तो माझ्या खोलीवर. आरबीडी, रेप्लिकेशन, क्रिटिकल डिफरन्स, सगळं शेतावरच्या प्रयोगांच्या मांडणीचं. मी म्हणायचो, अरे शेताचा एक कोपरा उताराचा असतो, तिथे ओल जास्त, म्हणून ब्लॉक पाडायचे, म्हणजे तुलना शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होते. त्यावर तो, "एवढंच व्हय? हे तर आमचा म्हातारा पण सांगतो, वरच्या तुकड्याचं उत्पन्न खालच्याशी मोजू नको." ज्या दिवशी त्याला कळलं त्या दिवशी मलाही पहिल्यांदा कळलं, त्याआधी मी नुसता पाठ करून होतो.

भुईरिंगणी
एक ते चार 😂😂

रस्तेमापक
मी ॲग्रीचा नाही, पिंपळे सौदागरला राहतो. मुलीच्या प्रोजेक्टसाठी आमच्या भागाची जुनी माहिती हवी होती तर कुणीतरी सांगितलं की तुमच्या कॉलेजच्या एका इंग्रज प्राचार्यांनी आमच्या गावाचा अभ्यास केलेला. खरं का?

ढेकूळ_काका
@रस्तेमापक खरं. हॅरॉल्ड मान. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी पिंपळे सौदागरची घर न घर पाहणी केली, कुणाची जमीन किती, तुकडे किती, कर्ज किती. १९१७ ला छापून आली. सरासरी धारणा (एकाकडची जमीन) १७७१ मध्ये ४० एकर होती ती १९१५ पर्यंत ७ एकरवर आली, हा आकडा आम्हाला कृषी अर्थशास्त्रात हमखास यायचा. भारतातल्या खेड्यांच्या सुरुवातीच्या अशा पाहण्यांपैकी ही एक. मुलीला सांगा, वाचण्यासारखं आहे.

रस्तेमापक
धन्यवाद काका. आता सरासरी धारणा दोन बेडरूम हॉल किचन. पार्किंग एक.

मालदांडी
आणि कर्ज तेवढंच 😄

ढेकूळ_काका
मी जुना माणूस, हवामानशास्त्राचं लिहितो. कॉलेजच्या शेतावरच हवामान खात्याची कृषी वेधशाळा. सकाळी ७ आणि दुपारी २ च्या नोंदी. पांढरी जाळीची पेटी, आत कोरडा आणि ओला तापमापक, बाहेर बाष्पीभवनाचं उघडं पात्र. त्यावर जाळी घालायची, नाहीतर कावळे येऊन पाणी पितात आणि त्या दिवशी पुण्याचं बाष्पीभवन वाढतं.

तोंडीला एक प्रश्न ठरलेला. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सगळ्यात थंड हवा कुठे? सगळे म्हणायचे जमिनीलगत. उत्तर, जमिनीपासून वीतभर वर. एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये दाखवलं. पुण्याच्या कृषी हवामान विभागाचे पहिले प्रमुख तेच. तेव्हाच्या बऱ्याच शास्त्रज्ञांचा विश्वास बसला नव्हता म्हणतात.

बांधावरचा_बीएस्सी
सगळे गोड गोड लिहिताय म्हणून जरा कडू.

आमच्या वर्गातले निम्मे दुसऱ्या वर्षापासून एमपीएससीच्या मागे. होस्टेलला दोनच विषय, कृषी सेवा आणि बँकेची कृषी अधिकारी परीक्षा. मीही तीन वर्षं पेठेत अभ्यासिकेत काढली. नाही झालं. मग गावी. वडील म्हणाले डाळिंब लाव, लावलं, तेल्या रोग आला, काढलं. कीटकनाशकाच्या दुकानाच्या परवान्याला पदवी लागायला लागली तेव्हा एकाने मला विचारलं, तुझं सर्टिफिकेट माझ्या भिंतीवर लाव, महिन्याला पैसे देतो, तू यायचीही गरज नाही. पदवीचा पहिला पगार असा घरबसल्या मिळत होता. नाही दिलं. स्वतःचं दुकान टाकलं. आता शेतकरी पान घेऊन येतो, मी भिंगातून बघतो. दहातल्या चारांना औषध लागतच नाही, पाणी कमी करा म्हणून परत पाठवतो. धंदा म्हणून हे चुकीचं आहे असं बायको म्हणते.

सासवडची_संध्या
@बांधावरचा_बीएस्सी दादा, ते भिंग कॉलेजातलंच का?

बांधावरचा_बीएस्सी
होय ताई. दहा एक्स. दांडी बदललीय.

भुईरिंगणी
तणांचं हर्बेरियम (वाळवून चिकटवलेल्या झाडांची वही) कुणीच काढलं नाही! मला गाजरगवत वाळवताना शिंका आणि अंगभर खाज. नंतर वर्गात कळलं की त्याची देशातली पहिली नोंद पुण्यातच, १९५५ च्या सुमाराला. म्हटलं बरोबर, पुण्याचंच असणार, असं कुठेही जाऊन सगळ्यांना त्रास देणारं.

पेठेतला_शेतकरी
निषेध

कोथरूडची_स्मिता
सगळं वाचलं, मस्त. इतके ॲग्रीवाले एकत्र सापडलेत तर विचारून घेते, माझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडताहेत. काय करू?

मालदांडी
आलं! लग्नात डॉक्टरला आणि धाग्यावर ॲग्रीवाल्याला हेच होतं.

बांधावरचा_बीएस्सी
ताई, कोवळी पानं की जुनी? जुनी आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. पाणी कुठलं घालता?

कोथरूडची_स्मिता
कोवळी. शिरा हिरव्या. पाणी बोअरचं.

बांधावरचा_बीएस्सी
मग लोहच. क्षाराच्या पाण्याने मातीत असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला २ ग्रॅम, थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. शेणखत घाला. आणि कुंडीच्या खालचं भोक उघडं आहे ना?

कोथरूडची_स्मिता
भोक आहे पण सासूबाईंनी खाली बशी ठेवलीय, फरशी खराब होते म्हणून. पाणी साठलेलं असतं त्यात.

ढेकूळ_काका
हिराकस राहू दे, आधी बशी काढा.

कोथरूडची_स्मिता
काका, बशी काढायचं तुम्हीच फोन करून सांगता का त्यांना?