मदत हवी आहे: १६४० मध्ये एकटा पडलेल्या चार्ल्सला १६४२ मध्ये माणसं कुठून मिळाली?

१६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात पेटलेल्या इंग्लंडच्या यादवी युद्धावर बारावीच्या मुलांसमोर वीस मिनिटं बोलायचं आहे. एका जागी गाडी अडली आहे.

बंडापर्यंतचा रस्ता कळला. राजा पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलीच नाही. किनाऱ्यावरच्या परगण्यांकडून घ्यायचा जहाजांचा कर १६३५ पासून आतल्या परगण्यांवरही बसवला. जॉन हॅम्पडेन या जमीनदाराने कर नाकारला आणि त्यावर खटला चालला. बारापैकी सात न्यायाधीश राजाच्या बाजूने गेले, म्हणजे खटला जिंकला पण अब्रू गेली. मग १६३७ मध्ये स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं, तिथे उठाव झाला, आणि लढायला पैसे हवेत म्हणून १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावीच लागली. तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारं जवळजवळ कुणी नव्हतं.

आणि नोव्हेंबर १६४१ मध्ये राजाविरुद्धच्या तक्रारींचा मोठा ठराव १५९ विरुद्ध १४८ असा जेमतेम पास होतो! एडवर्ड हाइडसारखा पार्लमेंटचा सदस्य, जो आधी त्या जहाजांच्या करावर तुटून पडला होता, तो राजाचा सल्लागार होतो.

आयर्लंडचा उठाव, बिशप हटवण्याची मागणी, लंडनच्या रस्त्यांवरचे जमाव ही कारणं वाचली आहेत. ‘सरदार राजाकडे, व्यापारी पार्लमेंटकडे’ हे उत्तर कृपया नको, दोन्ही वर्ग दोन्हीकडे होते.

मुलांना एकच धागा द्यायचा असेल, तर हाइडसारख्यांना राजाकडे नेमकं कशाने ढकललं: धर्माने, की पार्लमेंटच कायदा मोडतेय या भीतीने?